लाल क्रेटमधला माल

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच महिन्यात बीडच्या एमआयडीसीतल्या आमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये ठिबकच्या फिटिंगला खड्डे पडायला लागले. दोन्हींचं मूळ एकच होतं. मला ते कळायला सतरा दिवस लागले.

खड्डे म्हणजे आमच्या भाषेत सिंक. काळ्या पॉलिप्रॉपिलीनचा टी-जॉइंट, आतून त्याला जाड पट्टी. त्या पट्टीच्या नेमक्या पाठीवर, बाहेरून अंगठ्याने दाबल्यासारखी खोलगट जागा. उजेडात तिरपा धरल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळते. मालकांचा संशय रात्रपाळीवर गेला. पोरं कूलिंगचा वेळ कमी करतात, नग भराभर काढतात आणि पहाटे झोपतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही ऑपरेटरांची दोन-दोन दिवसांची हजेरी कापा, असा निरोप माझ्याकडे आला. मी प्रोडक्शन बघत होतो. मी म्हणालो, आठ दिवस द्या, कारण शोधतो, मग काय कापायचं ते कापा.

हे बोलायचं धाडस माझ्यात मुळात नव्हतं. ते वाळूजला एका माणसाचं नुकसान करून आलं होतं.

मी धारूर तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, निघायचा आणि पाच-सहा महिन्यांनी परत यायचा. आजारपणाने एक दिवस फडात जाणं झालं नाही तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता व्हायचा. आई तापात फणफणत असतानाही मोळ्या बांधत होती, ते खाड्याच्या भीतीने. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे बीडला आयटीआय केलं आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. 1985 मध्ये शहराजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या मागे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. बीडकडची निम्मी तरुण पोरं तेव्हा त्या रांगेतच कुठेतरी चिकटलेली असायची. मी एका मोल्डिंग शॉपमध्ये लागलो. हेल्परपासून सुरुवात केली आणि चार वर्षांत शिफ्टचा सुपरवायझर झालो.

सुपरवायझर होऊन महिना झाला असेल. एबीएस प्लास्टिकच्या काळ्या पॅनेलवर सिल्व्हर यायला लागला. गेटपासून, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून, निघालेल्या, पंख्यासारख्या पसरलेल्या चंदेरी रेघा. सकाळपर्यंत तीन क्रेट भरले. मशीनवर पाटोद्याकडचा एक नवा पोरगा होता. पहिल्याच तासात तो मला म्हणाला होता, "साहेब, दाणा हाताला गार लागतोय." मी म्हणालो, मशीन बघ, दाण्याचं नको सांगू. सकाळी वर जाब द्यावा लागला तेव्हा मी रिपोर्टात लिहिलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष. त्याची एका दिवसाची हजेरी कापली गेली.

दुसऱ्या दिवशी परभणीकडचे एक जुने सेटर आले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी सेटिंगला हातच लावला नाही. नोझल मागे घेतलं, पत्र्याच्या तुकड्यावर थोडा माल सोडला आणि मला म्हणाले, कान लाव. वितळलेला माल तडतडत होता. थंड झाल्यावर गोळा फोडला, तर आत धिरड्यासारखी जाळी. "दाणा ओला हाय. पोरानं काय करावं?" एबीएस हवेतलं पाणी शोषून घेतं. ते ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर दोन-तीन तास वाळवावं लागतं, नाहीतर बॅरलच्या उष्णतेत त्या पाण्याची वाफ होते आणि साच्याच्या भिंतीवर ती घासत गेली की चंदेरी रेघ उठते. आमच्या हॉपर ड्रायरचा पंखा चालू होता, दिवा लागलेला होता, काटा ऐंशीवर होता. पण काटा होता तो ठरवून दिलेल्या तापमानाचा. आतला हीटर जळाला होता. मामांनी दाण्यात थर्मामीटर खुपसला तर पन्नासच्या आसपास.

पोरगा पहिल्या तासात जे सांगत होता ते शब्दशः खरं होतं. कापलेली हजेरी त्याला परत मिळाली नाही. मी वर जाऊन माझी चूक झाली असंही सांगितलं नाही, कारण नवी खुर्ची होती आणि ती जाईल याची भीती होती. दिवाळीआधी तो काम सोडून गेला. खाड्याचा दंड घरात पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात तोच दंड पाठवला होता. मोल्डिंगमधलं मी जे काही शिकलो, त्यातलं पहिलं हे.

बीडच्या सतरा दिवसांकडे परत येतो. पहिले काही दिवस मी पुस्तकात लिहितात तसं केलं. सिंक का पडतो हे समजायला अवघड नाही. प्लास्टिक थंड होताना आकसतं. पॉलिप्रॉपिलीन तर शंभराला दीड-दोनपर्यंत आकसतं. बाहेरचं कातडं आधी घट्ट होतं, जाड जागेचा गाभा नंतर. तो आकसताना कातडं आत ओढतो. म्हणून साचा भरल्यावरही काही सेकंद दाब धरून गेटमधून थोडा-थोडा माल आत रेटत राहायचा. त्याला होल्डिंग म्हणतात. पण गेट गोठलं की मग कितीही दाब द्या, आत काही जात नाही. आमच्याकडे सगळे जण होल्डिंगचा दाब वाढवत होते. त्याने सिंक गेला नाही, फ्लॅश मात्र सुरू झाला. साच्याच्या फटीतून पापुद्रे येऊ लागले आणि ते कापायला दोन बायका जास्तीच्या लावाव्या लागल्या.

गेट किती सेकंदांनी गोठतं हे पाहायचं असेल तर नग तोलावा लागतो. एकेक सेकंद होल्डिंग वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळचा नग काट्यावर टाकायचा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं. आमच्याकडचा काटा दाण्याच्या गोण्या तोलायचा. मी बीडच्या सराफा बाजारात ओळखीच्या दुकानातून दागिन्यांचा काटा दोन तासांसाठी मागून आणला. सातव्या सेकंदानंतर वजन हललं नाही. आमचं सेटिंग नऊ सेकंदांचं होतं. म्हणजे होल्डिंग पुरेसं होतं आणि आम्ही भलत्याच ठिकाणी खणत होतो.

मग मी रात्रीचा रिजेक्ट माल मागितला. तो नव्हताच. रात्री जे बिघडायचं ते उजाडायच्या आत ग्राइंडरमध्ये जाऊन चुरा व्हायचं. का, ते पोरांना विचारायची गरज नव्हती. सकाळी रिजेक्ट मालाचा लाल क्रेट भरलेला दिसला की हजेरी कापली जाणार, मग क्रेट रिकामा ठेवायचा. मी चहाच्या टपरीवर दोघांना शब्द दिला की कापलीच तर माझी कापली जाईल, पण नग मला पाहिजेत. तरी दोन रात्री क्रेट अर्धाच भरला. तिसऱ्या रात्री पूर्ण माल मिळाला.

साचा चार कॅव्हिटींचा होता, म्हणजे एका वेळी चार नग पाडणारा. प्रत्येक नगावर आतल्या बाजूला कॅव्हिटीचा आकडा उमटलेला असतो. सतरंजी टाकून मी क्रेट उपडा केला आणि आकड्यांप्रमाणे ढीग लावले. सिंक होता तो तीन आणि चार नंबरला. एक आणि दोनचे नग स्वच्छ. तिथेच रात्रपाळीवरचा आरोप संपला. पोरांनी कूलिंगचा वेळ कमी केला असता तर चारही कॅव्हिटी सारख्याच बिघडल्या असत्या. वेळ चौघींना एकच मिळतो.

पुढचं काम बादली आणि घड्याळाने झालं. साच्यातून थंड पाणी फिरतं, त्याच्या परतीच्या नळ्या एकेक करून काढल्या आणि मिनिटभर बादलीत धरल्या. एक-दोनच्या बाजूला साडेचार लिटर, तीन-चारच्या बाजूला लिटरभरही नाही. साचा उतरवून प्लग काढला. आठ मिलिमीटरच्या भोकात पांढरा क्षार इतका साठला होता की पेन्सिल जाईना. बंबाच्या तळाला साठतो तसाच. त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी खोल गेलं होतं, उरलेलं टँकरचं, तेही कुठल्यातरी खोल बोअरचंच. जितकं खोल तितकं जड. कूलिंग टॉवरवर त्याची वाफ होते, क्षार मागे राहतो, वर पुन्हा तसलंच पाणी भरलं जातं. पोलाद उष्णता वाहून नेतं, क्षाराचा थर ती कित्येक पटींनी कमी नेतो. अर्धा साचा गार, अर्धा तापलेला, आणि तापलेल्या अर्ध्यात गाभा उशिरा गोठणार. दुष्काळ असा आमच्या टी-जॉइंटवर उमटला होता.

सौम्य आम्लाने नळ्या धुतल्या, पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं आणि साच्याचं पाणी टॉवरपासून तोडून बंद टाकीत फिरवलं. दर सोमवारी बादली-घड्याळाची नोंद भिंतीवरच्या वहीत लिहायची सवय लावली. ती वही माझ्यानंतरही चालू आहे, असं परवा कळलं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सगळेच सिंक शॉपवर सुटत नाहीत. आतली पट्टी भिंतीच्या जाडीच्या साठ टक्क्यांहून जाड असेल तर तो दोष ड्रॉइंग काढणाऱ्याच्या टेबलावर जन्मतो. तसा नग मी पुढे दोनदा परत पाठवला आणि दोन्ही वेळा ऑर्डर दुसरीकडे गेली. तरी पाठवला ते बरोबरच केलं, असं मला वाटतं.

दुसऱ्या एका रेघेची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. साच्यात भोकाच्या जागी पिन असते. माल तिच्याभोवती दोन बाजूंनी वाहतो आणि पलीकडे पुन्हा भेटतो. जिथे भेटतो तिथे केसाएवढी रेघ उमटते, ती वेल्ड लाइन. आमच्याकडे ती दिसण्यापुरता दोष म्हणून पास व्हायची. शेतात पुरायची वस्तू, तिची रेघ कोण बघतं? शिवाय मीच मध्यंतरी बॅरलचं तापमान पंधरा अंशांनी उतरवलं होतं. त्याने नग पाडायच्या प्रत्येक फेरीमागे दोन सेकंद वाचत होते आणि मालकांनी माझं कौतुकही केलं होतं.

एका सकाळी बालाघाटाच्या अंगाचे एक शेतकरी गेटवर आले. सीताफळाची बाग. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने झाडाला पाणी मिळत नाही. ते त्यांनी टँकर विकत घेऊन शेततळ्यात साठवलं होतं आणि रात्रीच्या विजेवर ठिबक लावून झोपले होते. पिशवीतून त्यांनी फुटलेले तीन जॉइंट काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. रागावले नाहीत. म्हणाले, "दादा, तिन्ही एकाच रेघेवर फुटलेत. बघा बरं." रात्रभर पाणी एका ओळीत वाहून गेलं होतं.

मी पाहिलं. तिन्ही वेल्ड लाइनवर फुटले होते. दोन प्रवाह भेटताना त्यांची तोंडं थंड झालेली असतील आणि मध्ये हवा अडकलेली असेल, तर ते नुसते एकमेकांना टेकतात, एकजीव होत नाहीत. मी वाचवलेले दोन सेकंद त्या रेघेत बसले होते. त्याच दिवशी तापमान पूर्ववत केलं, भरण्याचा वेग वाढवला. भेटण्याच्या जागी हवा जायला वाट नव्हती, तिथे दोन शतांश मिलिमीटर खोलीचा व्हेंट काढून घेतला. तेवढ्या फटीतून हवा जाते, माल जात नाही. नंतर गेटची जागाच बदलली, म्हणजे रेघ दाब कमी येणाऱ्या बाजूला गेली. रेघ पूर्ण जात नाही. ती कुठे ठेवायची आणि किती घट्ट करायची, एवढंच आपल्या हातात असतं. त्या दिवसापासून आमच्याकडे दर पाळीला पाच नग शिकंज्यात दाबून फोडायचे. रेघेवर फुटला तर लॉट थांबवायचा. पृष्ठभागावरचा दोष फक्त दिसण्याचा असतो, हे वाक्य मी परत कधी वापरलं नाही.

त्या शेतकऱ्यांना नवे जॉइंट दिले. पाण्याचे पैसे देता आले नाहीत.

जळक्या डागाचं कारण शोधल्याचं श्रेय माझं नाही. झाकणाच्या एका कोपऱ्यात तपकिरी-काळा करपल्यासारखा डाग यायचा. आम्ही कधी तापमान उतरवायचो, कधी वेग, डाग जायचा आणि परत यायचा. फ्लॅश कापायला एक मावशी होत्या, आधी कितीतरी हंगाम ऊसतोड केलेल्या. त्या एकदा म्हणाल्या, "डाग सकाळी नसतोय बघा. जेवणाच्या सुट्टीच्या आधी सुरू होतोय, अन् कोपरा तोच." त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून घेतला होता आणि डाग दिसला की तिथे पेनाने ठिपका द्यायच्या. ठिपके सगळे एका कोपऱ्यात. साचा भरताना हवा त्या कोपऱ्यात कोंडली जात होती. कोंडलेली हवा दाबली की इतकी तापते की माल जळतो, डिझेल इंजिनात इंधन ठिणगीशिवाय पेट घेतं त्याच न्यायाने. व्हेंट होता, पण तीन-चार तासांत त्यावर मेणचट थर बसून तो बुजायचा. पाळीच्या मध्यात पितळी पट्टीने व्हेंट पुसायचा ठरवला, कारण पोलादी पट्टीने साच्यावर ओरखडा जातो. डाग गेला. तो पुठ्ठा हेच आमचं पहिलं डिफेक्ट शीट. पुढे छापील कागद आले, पण रीत मावशींचीच राहिली.

बाकीचं थोडक्यात. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की बॅरलमधला माल तसाच शिजत पडायचा, आणि वीज आल्यावर पहिल्या शेकडो नगांत काळे ठिपके. वीज गेली की हॉपरची झडप बंद करून नोझल मागे घ्यायचं, आली की आधी बॅरल पूर्ण तापू द्यायचा, मग जुना माल काढून टाकायचा. घाईत थंड स्क्रू फिरवला तर स्क्रूच मोडतो. ॲसिटलचा माल शिजला तर डोळ्यांतून पाणी काढणारा वायू सुटतो, आणि त्याच बॅरलमध्ये पीव्हीसीचा अंश राहिला असेल तर जीवावर बेततं. हे दोन कधीही एकामागे एक चालवू नयेत. पावसाळ्यात चिलरचं पाणी फार थंड ठेवलं की उघड्या साच्यावर दव धरतं आणि नगावर पाण्याचे वळ उठतात. पाणी चार-सहा अंशांनी गरम करा, काम होतं. पॉलिप्रॉपिलीन वाळवायची गरज नसते हे खरं, पण त्यात घातलेला काळा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, उघड्या गोणीत राहिला तर ओल धरतो, आणि मग न वाळवायच्या मालातही सिल्व्हर येतो. यावर आमचे चार दिवस गेले होते.

प्लास्टिक साच्यात दाबून भरायचं पहिलं यंत्र अमेरिकेत हयात बंधूंनी केलं, त्याचं पेटंट 1872 चं. म्हणजे ही विद्या दीडशे वर्षांची आहे आणि आमच्या शेडमधल्या प्रत्येक डागाचं कारण कुणीतरी कुठेतरी आधीच शोधलेलं होतं. आता छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिकचं शिक्षण देणारी सिपेट आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे. धारूर-केजची मुलं तिथे शिकून येतात आणि मला दहा वर्षांनी कळलेलं त्यांना पहिल्या वर्षात माहीत असतं. त्यांच्याकडे माझ्यासारख्याने सांगायला एकच गोष्ट उरते. डाग ही बातमी असते, आणि ती आणणाऱ्याला शिक्षा झाली तर बातमी येणं थांबतं. वाळूजचा तो पोरगा दाणा गार आहे म्हणाला होता. बीडचे दोघे रात्रभर नग दळत होते. दोन्हीकडे कारण मशीनजवळच्या माणसाच्या हातात होतं, पण वाळूजला ते मी ऐकून घेतलं नाही आणि बीडला ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण मध्ये दंड होता.

बीड, वाळूज, चाकण, कुठेही असो, रिजेक्शनवर हजेरी कापायची पद्धत ज्या शॉपमध्ये अजून चालू आहे, तिथल्या मालकांना आणि सुपरवायझरांना माझी हात जोडून विनंती आहे. ती या महिन्याच्या पगारापासून बंद करा. आणि लाल क्रेटमधला रात्रीचा माल सकाळी स्वतः, कॅव्हिटीचे आकडे लावून, पाहिल्याशिवाय ग्राइंडरला देऊ नका.